मोमेंटम जुनं, बचाव दर वेळी नवा : नियमांनी फंड बदलण्याची पार्श्वभूमी

महिन्याच्या शेवटच्या दिवशी चार-पाच फंडांचा मागचा परतावा मोजायचा, सगळ्यात पुढे असलेल्यात पैसे न्यायचे, आणि सगळेच घसरत असतील तर रोख्यांत जाऊन बसायचं. हिशेब संगणकानं करायचा, माणसाचं मत मध्ये येऊ द्यायचं नाही. या पद्धतीचे दोन भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी घडवले. चढणाऱ्याच्या मागे जाणं, म्हणजे मोमेंटम, हा पहिला भाग बराच पारखून घेतलेला आहे. दुसरा, बचावाचा, तितका नाही.

पहिल्याचा माग १९३७पर्यंत जातो. आल्फ्रेड कौल्स आणि हर्बर्ट जोन्स यांना अमेरिकी बाजारात दिसलं, की एका वर्षी इतरांच्या पुढे असलेले शेअर पुढच्या वर्षीही पुढे राहण्याकडे झुकतात. पुढे विद्यापीठांत ‘मागच्या भावावरून पुढचं काही कळत नाही’ या विचाराचं वजन वाढलं आणि असे शोध बाजूला पडले. १९९३मध्ये नरसिंहन जगदीश आणि शेरिडन टिटमन यांनी १९६५ ते १९८९ची आकडेवारी मांडली : सहा महिन्यांत सर्वाधिक वाढलेले शेअर घ्यायचे, सर्वाधिक पडलेले शॉर्ट करायचे (उसने घेऊन विकायचे), सहा महिने धरायचे. फरक वर्षाला सुमारे १२ टक्के निघाला. मग मात्र विद्यापीठांना दुर्लक्ष करता आलं नाही.

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत एस अँड पी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकावरचा ईटीएफ (शेअरासारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड) सुरू झाला. माझ्या मते ही घटना त्या शोधनिबंधाइतकीच मोठी. शेकडो शेअरांची उलाढाल घरबसल्या कोण करणार? अख्खा बाजार एका युनिटात मिळू लागला, तेव्हा कुठे ‘शेअर बदला’चं ‘फंड बदला’ झालं.

बचावाची कहाणी मात्र अपघातांची आहे. हेन लेलँड आणि मार्क रुबिनस्टाइन या बर्कलीच्या प्राध्यापकांनी ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ काढला : बाजार जसा पडेल तसे फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) विकत जायचं. १९ ऑक्टोबर १९८७ला सगळेच विकायला आले आणि घेणारा सापडेना. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. पडझडीचं सगळं खापर या सूत्रावर फोडणं योग्य नाही, पण घसरण वाढवण्यात त्याचा हात होता.

२००७मध्ये अमेरिकी फंड व्यवस्थापक मेबेन फेबर यांनी सोपा नियम मांडला : भाव दहा महिन्यांच्या सरासरीखाली गेला की बाहेर. लगेच २००८ आलं, एस अँड पी ५०० लाभांश धरूनही ३७ टक्के पडला आणि या नियमाची कीर्ती झाली. २०१४मध्ये गुंतवणुकीचे अभ्यासक गॅरी अँटोनाची यांनी दोन्ही भाग जोडले. अमेरिकी शेअरांचा बारा महिन्यांचा परतावा ट्रेझरी बिलांपेक्षा (सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जांपेक्षा) जास्त असेल, तर अमेरिकी आणि परदेशी शेअरांत जो पुढे तो घ्या, नाहीतर रोखे.

आता मार्च २०२० पाहा. फेब्रुवारीअखेर एस अँड पी ५०० होता २९५४, वर्षापूर्वी २७८४, म्हणून अँटोनाची यांचा नियम म्हणाला शेअरांतच राहा. मार्चअखेर २५८४, वर्षापूर्वी २८३४, म्हणून विका. तळ तर २३ मार्चलाच होऊन गेला होता. एप्रिलअखेर वर्षाचा परतावा ट्रेझरी बिलांहून कमीच होता, त्यामुळे नियम बाहेरच. मेअखेर पुन्हा प्रवेश, ३०४४ला. नियम चुकला नाही, वरातीमागून घोडं निघालं इतकंच.

हा उशीर टाळण्याचा एक मार्ग नेदरलँड्सच्या वाउटर केलर आणि यान विलेम कोयनिंग यांनी २०१८मध्ये सुचवला होता. उदयोन्मुख बाजारांचे शेअर आणि अमेरिकी रोखे या दोघांना पहारेकरी नेमायचं, ताज्या महिन्याला जास्त वजन द्यायचं आणि त्यांची चाल बिघडली की निघायचं. मग २०२२ उजाडलं. व्याजदर वाढले, शेअर पडले आणि रोख्यांचा मुख्य निर्देशांकही १३ टक्के घसरला. ‘सुरक्षित म्हणजे रोखे’ असं ज्यांच्या सूत्रात कोरलेलं होतं, ते आगीतून फुफाट्यात गेले. केलर यांच्या त्याच वर्षीच्या नव्या सूत्रात बचावाच्या यादीत कमोडिटी (तेल, धातू, धान्य), महागाईशी जोडलेले रोखे आणि रोकड आली. १९८७पासूनचा हा क्रम पाहिला, की बैल गेला आणि झोपा केला ही म्हण आठवतेच.

आपल्याकडे निफ्टीचा पहिला ईटीएफ मुंबईच्या बेंचमार्क या फंड कंपनीनं डिसेंबर २००१मध्ये आणला. ऑगस्ट २०२०मध्ये ‘निफ्टी २०० मोमेंटम ३०’ निर्देशांक आला : सहा आणि बारा महिन्यांचा परतावा चढउतारांशी तोलून २०० कंपन्यांतून ३० निवडायच्या आणि जून-डिसेंबरमध्ये यादी बदलायची. यात बचाव मुळीच नाही, बाजार कोसळला तरी पैसे शेअरांतच. बचाव हवा तर लिक्विड (रोकडीसारख्या) किंवा गोल्ड ईटीएफमध्ये आपणच ये-जा करायची, आणि तिथे कर आडवा येतो. इंडेक्स फंड आतल्या आत शेअर बदलतो त्यावर गुंतवणूकदाराला कर नाही. पण स्वतः इक्विटी फंड वर्षाच्या आत नफ्यात विकला, तर २३ जुलै २०२४पासून २० टक्के, पूर्वी १५ होता. अमेरिकी आकडे दाखवून विकल्या जाणाऱ्या सूत्रांत हा कर सहसा धरलेला नसतो.