शेअर असणं आणि शेअरचा सौदा करणं: नानांच्या एका प्रश्नावरून

२०२४ ची विधानसभा निवडणूक. अमळनेरला आमच्या ओट्यावर नाना एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र मोबाइलवर वाचत बसले होते. चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाशी. शेअरच्या रकान्यापाशी आले आणि बोट थांबलं.

"पाय बरं, किती शेअर शेतस याना! हाई इनसायडर ट्रेडिंग नही ते काय शे?"

मी म्हटलं, नाही.

"मंग काय शे?"

नाना जन्मभर जिनिंगमध्ये दिवाणजी होते. हिशेबात पै इकडची तिकडे खपत नाही. त्यांनी असा घोळ घातला म्हणजे बाकीच्यांचं काय, असं वाटून हे लिहायला घेतलं. कारण हा घोळ सगळीकडे आहे. आमदार-खासदाराकडे शेअर दिसले की पारावरचा माणूस "इनसायडर" म्हणतो, आणि टीव्हीवरचाही.

मुळात गोष्टी दोन आहेत. एक हितसंबंध, म्हणजे ज्या विषयावर तुम्ही निर्णय घेणार त्यातच तुमचा पैसा अडकलेला असणं. दुसरी इनसायडर ट्रेडिंग, म्हणजे जगाला न कळलेली खबर हाताशी धरून शेअर घेणं किंवा विकणं. पहिली नुसत्या बाळगण्यात असते. तिच्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. दुसरी सौद्यात असते. सौदा झालाच नाही तर तीही नाही.

अमळनेरात हे समजावणं सोपं जातं, कारण इथे शेअर ही काही मुंबईहून आलेली चीज नाही. १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. कंपनीचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, आणि तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले, काहींनी ते नातवंडांपर्यंत सांभाळले आणि त्यांचं सोनं झालं. आता समजा, अशा एका घरातली सून उद्या आमदार झाली. सासऱ्यांनी ठेवलेले शेअर तिच्या नावावर आहेत. तिने आयुष्यात ना एक शेअर घेतला, ना विकला. सरकारने कॉम्प्युटरचं मोठं काम कुणाला द्यायचं हा विषय तिच्या समितीपुढे आला, आणि स्पर्धेत हीच कंपनी आहे. फाइल उघडली त्या क्षणी हितसंबंध उभा राहिला. तिने काही वाईट केलं का? अजून काहीच नाही. पण तिने तोंड उघडून "माझे यात शेअर आहेत" म्हणायला हवं आणि त्या विषयापुरतं बाजूला बसायला हवं. न सांगता मत दिलं, तर तिथून दोष सुरू होतो.

आता उलटं पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. आपल्याकडे कपाशी अजून शेतात उभी होती, त्यामुळे शेतकऱ्याला काय वाटलं ते सांगायला नको. पण सूतगिरण्यांना माल स्वस्त पडणार होता. समजा, एखाद्या लोकप्रतिनिधीला हे आदल्या दिवशीच कळलं आणि त्याने सूत कंपन्यांचे शेअर उचलले. (कुणी तसं केलं असं माझं म्हणणं नाही, उदाहरण आपल्या घरचं असावं एवढंच.) याच्याकडे आदल्या दिवसापर्यंत एकही शेअर नव्हता. प्रतिज्ञापत्र कोरं, हितसंबंध शून्य. गुन्ह्याचा वास मात्र इथेच आहे.

म्हणजे शेअरने पान भरलेलं असून माणूस स्वच्छ असू शकतो, आणि पान कोरं असून हात बरबटलेले असू शकतात. नाना जे पाहत होते त्यावरून पहिल्या गोष्टीचा अंदाज येतो. दुसरी तिथे दिसणारच नाही.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात पाहायच्या तर अमेरिकेतलं उदाहरण घ्यावं लागतं. ख्रिस कॉलिन्स हे न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या औषध कंपनीचे ते संचालक होते, मोठे भागधारकही होते. आणि आरोग्याचे कायदे ज्या समितीकडे जातात तिचे सदस्यही होते. हा झाला हितसंबंध, रोजचा, उघडा, चारचौघांत बसलेला. तोवर गुन्हा नाही. जून २०१७ मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर खासदारांची सहल चालू असताना त्यांना कंपनीचा ईमेल आला की औषधाची चाचणी फसली. तिथूनच त्यांनी मुलाला फोन लावला. मुलाने शेअर विकले. बातमी बाहेर आली तेव्हा भाव ९० टक्क्यांहून जास्त कोसळला. कॉलिन्स यांनी स्वतःचा एकही शेअर विकला नव्हता, पण खबर पुरवणाराही तितकाच दोषी धरला जातो. २०१९ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, २०२० च्या जानेवारीत २६ महिन्यांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफीही दिली.

यात बारकाईने पाहण्यासारखं असं की ती खबर संसदेतली नव्हतीच. संचालकाच्या खुर्चीतून आली होती. म्हणून पकडणं सोपं गेलं. खबर सरकारी असते तेव्हा हात निसटतो. सिनेटर रिचर्ड बर गुप्तचर समितीचे अध्यक्ष होते. १३ फेब्रुवारी २०२० ला त्यांनी ३३ सौद्यांत बरेच शेअर विकले आणि आठवड्याभरात कोरोनाने बाजार आपटायला लागला. चौकशी झाली. बर म्हणाले, मी बातम्या पाहून विकले. जानेवारी २०२१ मध्ये न्याय खात्याने आरोप न ठेवता प्रकरण मिटवलं. समितीत काय ऐकलं आणि टीव्हीवर काय पाहिलं, हे एका डोक्यातून वेगळं कसं काढणार?

आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगविरोधी नियम २०१५ चे आहेत. ते फक्त कंपनीच्या साहेबांना लागू आहेत असा समज आहे, तो चुकीचा. भावावर परिणाम करणारी अप्रसिद्ध माहिती ज्याच्या हाती आली तो इनसायडर, मग तो संचालक असो, चहावाला असो की खासदार. दंड किमान १० लाख, कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. कायदा कडक आहे. अडचण अशी की त्यातली माहितीची व्याख्या कंपनी आणि तिचे शेअर यांच्याभोवती फिरते. आयात शुल्क उठवणं ही कुठल्या एका कंपनीची माहिती? वकिलाला वाद घालायला भरपूर जागा आहे.

हितसंबंधाकडे वळलं की कायद्याचा आवाज एकदम खाली येतो. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, पण शेअरची नोंद तेव्हाच करायची जेव्हा कंपनीवर ताबा ठेवण्याइतके असतील. मोठ्या कंपनीत कोटभराचे शेअर असले तरी ताबा कुठला येतोय! लोकसभेच्या ३७१ व्या नियमाने एखाद्याच्या मताला आक्षेप घेता येतो, पण तो हितसंबंध थेट आणि त्याचा एकट्याचा असावा लागतो, एखाद्या वर्गासोबत वाटून घेतलेला नको. ही अट मला पटते. नाहीतर रावेर-यावलच्या प्रत्येक केळीवाल्याला पीकविम्यावर आणि आमच्याकडच्या प्रत्येक कापूसवाल्याला हमीभावावर बोलायची बंदी येईल, मग खान्देशातून निवडून पाठवायचं कुणाला? स्वतः शेतकरी असणं वेगळं आणि ठिबकच्या अनुदानाचा निर्णय करताना ठिबक कंपनीचे शेअर खिशात असणं वेगळं.

मंत्र्यांसाठी एक आचारसंहिता आहे, राज्याच्या मंत्र्यांनाही ती लागू आहे. धंद्याच्या कारभारातून बाहेर पडा, असं ती सांगते. मालकी सोडा असं सांगत नाही. शिवाय ती कायदा नाही.

मला खरं खटकतं ते पुढचं. आमच्या गावचा तलाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खाली येतो. त्याला शेअरमध्ये सट्टा करायची मनाई आहे. सातबाऱ्यावर नोंद घेणारा माणूस, त्याच्या हाती कुठल्या कंपनीचं भवितव्य असणार? आणि ज्याच्या एका मताने उद्योगाचं धोरण फिरतं त्याला सकाळी घ्या, दुपारी विका, कुणी विचारत नाही. कुंपणाला मोकळीक आणि बुजगावण्यावर पहारा.

इथे तिसरी एक गोष्ट मध्ये घुसते, तीही बाजूला काढून ठेवतो, कारण खान्देशाला तिचा चटका बसलेला आहे. डिसेंबर २००५ मध्ये संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यातले दोघे आपले होते, एक जळगाव मतदारसंघाचे, दुसरे एरंडोलचे. (पुढे पुनर्रचनेत एरंडोल लोकसभा मतदारसंघच गेला.) त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, एच. जी. मुदगल यांच्यावर बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून फायदे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा ठपका आला आणि हकालपट्टीआधीच त्यांनी राजीनामा दिला. जळगावच्या सराफ बाजारातल्या जुन्या माणसांना या असोसिएशनचं नाव नवं नसेल. पण हे दोन्ही प्रकार म्हणजे पैसे घेऊन काम करणं, सरळ लाच. यात शेअर नाही, गुपित खबर नाही, आधीपासूनचा हितसंबंधही नाही. लोक हेही त्याच पोत्यात कोंबतात.

कोंबल्याने बिघडतं काय? नानांनी हेच विचारलं. बिघडतं असं, की तिन्हींचा इलाज वेगळा आहे. लाचेला आणि इनसायडर सौद्याला शिक्षा हवी, आणि त्यासाठी पुरावा हवा. हितसंबंधाला शिक्षा नको, उजेड हवा. ज्याने इमानदारीने सगळे शेअर लिहून दिले त्यालाच आपण चोर म्हणायला लागलो, तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पुढच्या वेळी तो शहाणा होतो आणि शेअर मुलाच्या नावावर करतो. ते त्याला जमतंही. प्रतिज्ञापत्राच्या नमुन्यात रकाने आहेत स्वतःचे, पत्नीचे किंवा पतीचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबितांचे. पुण्यात नोकरी करणारा कमावता मुलगा अवलंबित नसतो. त्याचं डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, तुमच्या-माझ्या नजरेला कधीच पडत नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर नानांनी दिवाणजीचं काम सुरू केलं. त्याच उमेदवाराचं २०१९ चं प्रतिज्ञापत्र शोधायला मला सांगितलं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते सापडलं. नातीची वही मागवली, मधोमध रेघ मारली, डावीकडे जुने शेअर, उजवीकडे नवे. दोन कंपन्या गेल्या होत्या, चार नव्या आल्या होत्या. नानांनी नव्या चारींवर गोल केला आणि हा माणूस कुठल्या समित्यांवर होता ते विचारलं. विचार करण्याची पद्धत अगदी बरोबर होती. पेन्सिल घेऊन ते परत रकाने चाळायला लागले, एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"कव्हय लिधात, ते लिखेल शे का कोठे?"

कधी घेतले ते लिहिलेलं नव्हतं. त्याला रकानाच नाही. आपल्याकडे फोटो निघतो निवडणुकीच्या वेळी, मधली पाच वर्षं अंधार. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने १,००० डॉलरवरचा प्रत्येक सौदा ४५ दिवसांच्या आत जाहीर करावा लागतो. उशीर झाला तर दंड २०० डॉलर, म्हणजे हास्यास्पद, पण तारीख तरी कळते. तारीख असेल तर ती निर्णयाच्या तारखेशेजारी ठेवता येते. बर यांची १३ फेब्रुवारी जगाला कळली ती त्यामुळेच.

नानांनी वहीत उजवीकडे आणखी एक उभी रेघ ओढली, वर 'तारीख' असं लिहिलं आणि खालचा रकाना मोकळा ठेवला. मग वही नातीला परत दिली. तिला त्याच पानावर गणितं करायची होती.