जर्मन परवानगीने लागलेले नाटक

अस्तित्ववाद म्हणजे माणूस आपल्या निवडीतून घडतो आणि तिची जबाबदारीही त्याचीच, असे मानणारा विचार. त्याची वैचारिक मुळे डेन्मार्क-जर्मनीपर्यंत जातात. फ्रेंच रंगभूमीशी त्याचा धागा जुळतो तो मात्र १९४० च्या नाताळात. ट्रिअरच्या जर्मन युद्धकैदी छावणीत फ्रेंच तत्त्वज्ञ आणि नाटककार ज्याँ-पॉल सार्त्रने सोबतच्या कैद्यांसाठी येशूजन्माचे नाटक लिहून बसवले. गोष्ट रोमनांच्या ताब्यातल्या भूमीची होती.

३ जून १९४३ रोजी त्याचे 'ले मूश' (माश्या) जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये लागले आणि आजही न मिटलेला वाद सुरू झाला. संहिता जर्मन सेन्सॉरकडून मंजूर करून घ्यावी लागे. ती तशी घेतली होती. ते नाट्यगृह ज्या अभिनेत्रीच्या नावाने ओळखले जाई, ती ज्यू वंशाची म्हणून तिचे नाव काढून 'तेआत्र द ला सिते' असे केलेले होते. अशा रंगमंचावर उभे राहणे हीच तडजोड, असे टीकाकार म्हणतात. आक्षेप हलका नाही. पण नाटकात काय होते? जुन्या खुनाच्या पश्चात्तापात आर्गोस नगरी कायमच्या सुतकात बसली आहे. राजाला आणि देवाला ती तशीच हवी आहे. त्याच वेळी जर्मनांशी सहकार्य करणारे फ्रान्सचे व्हिशी सरकार फ्रेंचांना सांगत होते की पराभव तुमच्या चैनीमुळे झाला. नाटकाचा नायक ओरेस्टिस खून करतो, तो आपला म्हणून स्वीकारतो आणि पश्चात्ताप नाकारतो. जर्मनधार्जिण्या वृत्तपत्रांनी प्रयोग बहुतांशी झोडपला. एका भूमिगत नियतकालिकाने त्याची बाजू घेतली. माझ्या मते पारडे नाटकाकडे झुकते. तरी परवानगी घेतली होती, हे पुसता येत नाही.

१९४८ मध्ये हेच नाटक बर्लिनमध्ये झाले तेव्हा अर्थ पार उलटला. पश्चात्ताप नाकारा, हे जर्मनांनी कसे ऐकायचे? नुसते हळहळणे वेगळे आणि जबाबदारी घेणे वेगळे, हे सार्त्रला तिथे जाहीर चर्चेत समजावावे लागले.

दरम्यान मे १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या चढाईआधी जेमतेम दहा दिवस, सार्त्रचे 'उई क्लो' आले. शीर्षक कोर्टातले आहे: बंद दाराआडची, 'इन कॅमेरा' सुनावणी. लेखक आल्बेर कामूने १९४५ मध्येच आपण अस्तित्ववादी नसल्याचे सांगितले, तरी त्याचे 'कॅलिगुला' आजही याच पंगतीत बसवले जाते. सॅम्युएल बेकेटच्या १९५३ च्या 'गोदो'नंतरचे ॲब्सर्ड (जगण्यातली अर्थशून्यता दाखवणारे) नाटक हा निराळा प्रवाह; तिथे निवड करणारा नायकच उरत नाही.

परवानगीचा प्रश्न पुन्हा आला तो सार्त्रच्याच हातून. साम्यवाद्यांना बोचलेले 'ले मॅं साल' (मळलेले हात) त्या त्या देशातल्या कम्युनिस्ट पक्षाच्या संमतीशिवाय होऊ नये, असे त्याने १९५२ मध्ये ठरवले. स्वातंत्र्याच्या नाटककाराचा हा निर्णय मला १९४३ च्या सेन्सॉरपेक्षा जास्त खुपतो, कारण या वेळी तो कुणी लादलेला नव्हता.

१९५९ मध्ये फ्रेंच सैन्य अल्जीरियात कैद्यांचा छळ करत होते. त्या वर्षीच्या 'आल्तोना'च्या नाटकात सार्त्रने अल्जीरियाचे नावही न घेता एक जर्मन घराणे उभे केले. त्यातल्या, कैद्यांचा छळ करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ठेवले फ्रान्ट्स, उच्चारात फ्रान्सच्या अगदी जवळचे.