फिल्टर बदलला की जेट का बदलावा लागतो

कार्बोरेटरवाल्या बाइकला ओपन फिल्टर (डब्याशिवायचा उघडा एअर फिल्टर) टाकला, फ्री फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर लावला, आवाज दणदणीत झाला पण गाडी वरच्या स्पीडला अडकायला लागली आणि ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट येतंय, असं बऱ्याच जणांचं होतं. इंजिनला जास्त हवा मिळाली म्हणजे पॉवर वाढणारच असं वाटतं ना, पण त्या हवेच्या हिशोबात पेट्रोल कोण वाढवणार?

कार्बमध्ये (कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधल्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या छोट्या टाकीतल्या) पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो म्हणून ते जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक भोकातून, वर ढकललं जातं. आता गंमत अशी की कंपनीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) हवेला थोडा अडवतो, त्यामुळे गळ्यातला दाब अजून खाली जातो, आणि कंपनीने जेटचा नंबर ही जादाची ओढ धरूनच ठरवलेला असतो. बॉक्स काढला की हवा वाढते पण ती ओढ कमी होते. म्हणजे मिक्श्चर दोन्हीकडून लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं. नुसता सायलेन्सर बदलला तर फरक सहसा थोडाच पडतो.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 1 भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, पण फुल पॉवरसाठी साधारण 12.5 ते 13 भागच बरी. फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून) फार लीन चालवलं तर इंजिन तापतं, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठकठक) होतं आणि पिस्टनलाही धोका असतो, म्हणून हे अंगावर काढू नका प्लीज.

आता सगळे सरळ मेन जेट मोठा करून मोकळे होतात, पण मेन जेटचं राज्य पाऊण थ्रॉटलच्या पुढे. पाव ते पाऊण नीडल (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी निमुळती सुई) बघते आणि त्याच्या खाली पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट). म्हणून ग्रिपवर टेप लावून खुणा करा आणि त्रास नेमका कुठल्या खुणेला होतो ते बघा, आरपीएमवर जाऊ नका. आधी मेन, मग नीडल, शेवटी पायलट, आणि एका वेळी एकच बदल. जेटचा नंबर भोकाच्या व्यासावरून असेल तर 100 चा 105 केला की भोकाचं क्षेत्रफळ जवळपास 10 टक्के वाढतं, त्यामुळे एकदम मोठी उडी नको. स्पार्क प्लग काळाकुट्ट काजळलेला आला तर रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक आला तर लीन.

आणि ती फटफट फक्त ॲक्सिलरेटर सोडल्यावरच येत असेल तर जेटला हात लावायच्या आधी सायलेन्सरच्या जॉइंटचं गॅस्केट लीक आहे का ते बघा, तिथून हवा आत गेली तरी हाच आवाज येतो.