चमचमणारा व्हॅम्पायर: ‘ट्वायलाइट’च्या टिंगलीची पार्श्वभूमी

बेला स्वान जीवशास्त्राच्या वर्गात शिरते. आत पंखा सुरू आहे. ती त्याच्यासमोरून जाते, तिचे केस उडतात, आणि टेबलाशी बसलेला एडवर्ड कलन एकदम तोंडावर हात दाबतो. डोळे विस्फारलेले, मान ताठ. त्याच्या मागे पेंढा भरलेलं एक पांढरं घुबड पंख पसरून ठेवलंय, आणि कॅमेरा अशा जागी लावलाय की ते पंख थेट एडवर्डच्या खांद्यांना फुटल्यासारखे दिसतात. एडवर्ड व्हॅम्पायर, म्हणजे माणसाच्या रक्ताची तहान असलेलं पिशाच्च, आणि बेलाच्या रक्ताचा वास त्याला असह्य होतोय, असं कथेत अभिप्रेत आहे. पडद्यावर मात्र पोराला मळमळतंय आणि बाई बाहेर सोडत नाहीयेत, असंच वाटतं.

२००८च्या ‘ट्वायलाइट’ या हॉलिवूडपटाची जी प्रचंड खिल्ली उडाली, तिच्यात या दृश्याचा वाटा फार मोठा. या हसण्याला दोन मुळं आहेत. एक निरोगी, आणि त्याचा इतिहास बराच जुना. दुसरं मात्र कडवट, आणि त्याचा सिनेमाशी संबंध कमीच. ही दोन्ही वेगळी करून पाहायला हवीत.

आधी सिनेमा कसा घडला ते पाहू. ॲरिझोनात राहणाऱ्या स्टेफनी मेयर यांना २ जून २००३च्या पहाटे एक स्वप्न पडलं: रानातल्या मोकळ्या कुरणात एक मुलगी आणि उन्हात चमचमणारा एक व्हॅम्पायर बोलत बसलेत. त्या स्वप्नाची कादंबरी २००५मध्ये आली. हक्क आधी पॅरामाउंट आणि एमटीव्हीकडे गेले. तिथे जी पटकथा तयार झाली, तिच्यात बेला मैदान गाजवणारी धावपटू होती, जेट स्कीवरचे पाठलाग होते. पुस्तक वाचणाऱ्या मुलींना नेमकं काय आवडलंय, हे तिथे कुणी विचारलंच नव्हतं. तो प्रकल्प बारगळला आणि हक्क समिट एंटरटेन्मेंट या तेव्हा लहान असलेल्या कंपनीकडे आले. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक, पटकथा मेलिसा रोझेनबर्ग, खर्च सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर. उडणाऱ्या, झाडांवर चढणाऱ्या, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या पात्रांच्या सिनेमासाठी हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम तुटपुंजी होती.

लोक ज्या दोषांना हसले, त्यांतले बरेच या तुटपुंजेपणातून आणि घाईतून आले आहेत. शूटिंग ४५ दिवसांच्या आसपास उरकायचं होतं. बेला झालेली क्रिस्टन स्टुअर्ट १७ वर्षांची, म्हणजे कायद्याने अल्पवयीन, त्यामुळे ९ एप्रिल २००८ला तिला १८ पूर्ण होईपर्यंत तिच्या कामाच्या तासांवर बंधन. ऑरेगनमधलं हवामान म्हणजे सकाळी पाऊस, दुपारी गारा, मध्येच लख्ख ऊन. आणि यांच्या नायकाला उन्हात उभं करणं कथेनेच बंद केलेलं. झाडांवरून उडण्यासाठी नटांना पट्टे बांधून दोरांनी खेचलं. ‘घट्ट धर गं, स्पायडर मंकी’ म्हणत एडवर्ड बेलाला पाठीवर घेऊन पाइनच्या झाडावर सरसर चढतो, तेव्हा त्यांच्या शरीरांना वजनच नाही असं वाटतं, त्याचं कारण हे. त्यात सगळ्या सिनेमाला दिलेली ती निळसर छटा. माणसं जिवंत असोत वा मेलेली, सगळी सारखीच थंडीत गारठलेली दिसतात.

एडवर्ड झालेल्या रॉबर्ट पॅटिन्सनच्या त्या सदा कळवळलेल्या चेहऱ्यामागेही एक हकिगत आहे, आणि ती त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितली आहे. त्याला एडवर्ड आतून पिचलेला, स्वतःचा तिरस्कार करणारा वाटत होता. निर्मात्यांना तो फारच सुतकी वाटला. पुस्तकात एडवर्ड जिथे जिथे हसतो, तिथे खुणा केलेली प्रत त्याच्या हाती दिली गेली. त्याने मग त्याच प्रतीत एडवर्ड जिथे कपाळाला आठ्या घालतो, तिथे दुसऱ्या रंगाने खुणा केल्या. पडद्यावर दिसतो तो या रस्सीखेचीचा निकाल. मला त्या तरुण नटाचं यात कौतुकच वाटतं. त्याने भूमिकेचा विचार केला होता, फक्त त्या विचाराला जागा देईल असा सिनेमा त्याच्याभोवती नव्हता.

२१ नोव्हेंबर २००८ला सिनेमा लागला. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत जवळपास ७ कोटी डॉलर जमले. स्त्री-दिग्दर्शिकेच्या सिनेमासाठी तोवरचा तो उच्चांक. जगभरात आकडा ४० कोटींच्या घरात गेला. टिंगलीला खरा जोर चढला तो या यशामुळेच. पडलेल्या सिनेमाला एवढं कोण हसतं?

पडद्यावरच्या सिनेमाला उत्तरं देत हसायची अमेरिकेतली परंपरा त्याआधीची आहे. १९७६मध्ये न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’च्या मध्यरात्रीच्या खेळांत प्रेक्षक मोठ्याने शेरे मारू लागले आणि ते शेरे पुढे खेळाचाच भाग बनले. १९८८मध्ये मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही केंद्रावर जोएल हॉजसन यांनी ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ सुरू केलं: पडद्याच्या खालच्या कडेला एक माणूस आणि दोन यंत्रमानव यांच्या काळ्या आकृत्या, आणि समोर चाललेल्या भिकार सिनेमावर त्यांची अखंड शेरेबाजी. या प्रकाराला ते ‘रिफिंग’ म्हणतात. तो कार्यक्रम १९९९मध्ये संपला. त्यातल्या माइक नेल्सनने २००६मध्ये ‘रिफट्रॅक्स’ काढलं, आणि केविन मर्फी व बिल कॉर्बेट हे जुने सहकारी त्याच्यासोबत आले.

त्यांची युक्ती सोपी होती. नव्या सिनेमांचे हक्क परवडत नव्हते, म्हणून ते फक्त आपल्या शेऱ्यांची ध्वनिफीत विकत. डीव्हीडी तुमची तुम्ही आणायची, ठरलेल्या क्षणी दोन्ही एकदम सुरू करायचं. २००९मध्ये त्यांनी ‘ट्वायलाइट’ची फीत काढली आणि ती तुफान चालली. कारण उघड आहे. या सिनेमात शांतता फार. पात्रं बोलायच्या आधी थांबतात, बोलून झाल्यावर थांबतात, खिडकीबाहेर बघत थांबतात. शेरा मारणाऱ्याला एवढी मोकळी जागा क्वचित मिळते. २०१३मध्ये हाच सिनेमा थिएटरांत थेट रिफ करण्यासाठी त्यांनी लोकवर्गणी मागितली आणि अडीच लाख डॉलरहून जास्त जमले. परवानगी काही मिळाली नाही आणि शेवटी दुसराच सिनेमा घ्यावा लागला. पण दोष एकेक करून दाखवायला आधी सिनेमा बारकाईने पाहावा लागतो, आणि या मंडळींनी तो पाहिला होता, म्हणून त्यांचं हसू मला प्रामाणिक वाटतं.

त्याच सुमारास, जून २००९मध्ये, जोनाथन मॅकिन्टॉश यांनी ‘बफी व्हर्सेस एडवर्ड’ ही छोटी चित्रफीत यूट्यूबवर टाकली. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ या व्हॅम्पायरांना मारणाऱ्या मुलीवरच्या १९९७ ते २००३मधल्या मालिकेची दृश्यं आणि ‘ट्वायलाइट’ची दृश्यं त्यांनी अशी जोडली की एडवर्ड बफीच्या मागे लागलाय असं वाटावं. मुलगी झोपलेली असताना तिच्या खोलीत न विचारता येऊन उभं राहणं, मूळ सिनेमात प्रेम म्हणून दाखवलेलं हे वागणं बफीसमोर ठेवलं की पाळत ठेवणं होतं. शेवटी बफी त्याचा निकाल लावते. माझ्या मते ‘ट्वायलाइट’च्या सगळ्या टिंगलीत हे सर्वांत मोलाचं काम, कारण ते पोशाखावर किंवा विगवर थांबलं नाही. त्या मानाने २०१०चा ‘व्हॅम्पायर्स सक’ हा विडंबनपट अगदीच ढोबळ होता.

कडवट मूळ दुसरीकडे होतं. जुलै २००९मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये, म्हणजे कॉमिक्स आणि सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळ्यात, काही जण ‘ट्वायलाइटने कॉमिक-कॉनची वाट लावली’ असे फलक घेऊन फिरले. रोष सिनेमावर कमी आणि त्यासाठी रात्रभर रांगेत बसलेल्या मुलींवर जास्त होता. त्यांचं किंचाळणं, त्यांचे टी-शर्ट, त्यांचं भारावून जाणं यांवर विनोद होऊ लागले. मुलगे सुपरहिरोंसाठी तेच करत होते, तेव्हा त्याला निष्ठा म्हणत. हा दुजाभाव मला तेव्हाही खटकला होता.

‘खरे व्हॅम्पायर चमकत नाहीत’ हा तर टिंगल करणाऱ्यांचा लाडका शेरा. पण परंपरा कोणती? ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या कादंबरीत ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. उजेडात त्याची शक्ती कमी होते, जीव जात नाही. पहाटेच्या उन्हाने व्हॅम्पायर विरून जातो ही कल्पना रुजवली १९२२च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने. राकट, कुरूप भुतापासून देखण्या उमरावापर्यंतची वाटचाल तर १८१९मध्येच जॉन पॉलिडोरीच्या कथेने सुरू केली होती. मेयरबाईंनी नियम बदलला, जसा आधीच्यांनीही बदलला होता. चूक झाली ती पडद्यावर: पुस्तकात हजारो हिऱ्यांसारखी लखलखणारी कातडी सिनेमात घामावर टिकल्या चिकटल्यासारखी दिसली, आणि त्यावर एडवर्डने गंभीरपणे म्हणायचं, ‘ही खुन्याची कातडी आहे, बेला.’

भारतीय टीव्हीवाल्यांनाही या सगळ्याचा मोह आवरला नाही. २०१०मध्ये मुंबईच्या बालाजीने ‘प्यार की ये एक कहानी’ ही हिंदी मालिका आणली. देखणा व्हॅम्पायर, कॉलेज, साधी मुलगी, सगळं होतं.

पुढचे भाग वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केले. खर्च वाढला तरी चुका थांबल्या नाहीत, त्यांचं रूप बदललं. ‘द रनअवेज’ या दुसऱ्याच सिनेमासाठी केस कापलेल्या स्टुअर्टला ‘एक्लिप्स’ या तिसऱ्या भागात विग घालावा लागला आणि तो लगेच ओळखू आला. २०१२च्या शेवटच्या भागाला ‘रॅझी’ची, म्हणजे वाईट सिनेमांना थट्टेने दिली जाणारी, सात पारितोषिकं मिळाली, सर्वांत वाईट सिनेमाचंही. त्यानंतर हळूहळू सूर पालटला. २०१८मध्ये यूट्यूबवर सिनेसमीक्षा करणाऱ्या लिंडसे एलिस यांनी एका चित्रफितीत मेयर यांच्यावर झालेल्या विखारी टीकेबद्दल, त्यातल्या आपल्याही वाट्याबद्दल, माफी मागितली. २०२०-२१च्या टाळेबंदीच्या काळात २००८च्या वेळच्या किशोरी, तोवर तिशीकडे झुकलेल्या, सिनेमे पुन्हा बघू लागल्या आणि त्याच संवादांवर स्वतःच मनसोक्त हसू लागल्या.

कथा जिथे घडते त्या वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावात दर सप्टेंबरला, बेलाच्या वाढदिवसाच्या सुमारास, चाहत्यांचा मेळा भरतो. तिथल्या संग्रहात एक बाहुली आहे. शेवटच्या भागात बेलाच्या नवजात बाळासाठी केलेली ही यंत्रबाहुली सेटवर सगळ्यांना इतकी भयाण वाटली की ती वगळून संगणकाने चेहरा बनवावा लागला, आणि तोही फसला. आता तिची कातडी काळानुसार खराब झाली आहे. लोक लांबून येतात, तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात आणि हसून हसून बेजार होतात. त्यांतल्या बहुतेकांना चारही पुस्तकं तोंडपाठ असतात.