अंतऱ्यातलं नाव

मैफल सुरू होण्याआधी निवेदक गायकाचं घराणं सांगतो, गुरूंची नावं घेतो, पुरस्कारांची यादी वाचतो. मग गायक स्वतः राग आणि ताल सांगतो. पुढचा पाऊण तास आपण ज्या चार ओळींवर डोलणार असतो, त्या कुणी बांधल्या हे मात्र सहसा कुणीच सांगत नाही. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात इतकी वर्षं गाणं ऐकतोय. मध्यंतरात चहाचा कप हातात धरून भीमसेन की कुमार, किशोरीताई की मालिनीताई यावर लोक तावातावाने बोलतात. ‘तुमचा आवडता रचनाकार कोण?’ असं कुणी कुणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

पाश्चात्त्य अभिजात संगीतात आधी बेथोव्हनचं, मोझार्टचं नाव येतं आणि मग वाजवणाऱ्याचं. तिथे रचना शेवटच्या स्वरापर्यंत कागदावर उतरलेली असते. आपल्याकडे बंदिश हा रागाचा बांधा, त्यात जीव भरायचा तो गायकाने. म्हणून गायक पुढे आला आणि बांधा घालणारा मागे राहिला. पण त्या मंडळींनी स्वतःची सोय स्वतःच करून ठेवली होती. अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, शेवटच्या ओळीच्या आसपास त्यांनी आपलं नाव गुंफलं.

मी ज्यांच्याकडे शिकायला जायचो ते सर या नावाबद्दल फार कडक होते. अंतरा म्हणताना समेची, म्हणजे तालाची पहिली मात्रा गाठायची, घाई व्हायची आणि नेमकं ते नाव तोंडातल्या तोंडात विरायचं. सर पेटीचा भाता तसाच धरून थांबायचे. ‘नाव गिळू नकोस. ज्याचं खातोस त्याचं नाव घ्यायला लाज कसली?’ मग तीच ओळ पुन्हा, नाव स्वच्छ उमटेपर्यंत. त्या वेळी हा हट्ट वाटायचा. पुढे कळलं, गाणं ऐकण्याचा निम्मा आनंद तिथे आहे.

नाममुद्रेची ही रीत सोलापूरकराला नवी वाटायचं कारण नाही. पंढरपूरच्या वाटेवरचं पोरगंही ‘तुका म्हणे’ आलं की अभंग संपत आला हे ओळखतं. त्याहून जुना दाखला तर गावाच्या मधोमध, तळ्यात आहे. ज्यांना आपण ग्रामदैवत म्हणून हात जोडतो, संक्रांतीला ज्यांचे नंदीध्वज खांद्यावर घेतो, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे भक्तिवचनं रचणारे, होते. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलिगे. त्यांची कन्नड वचनं ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेवर येऊन थांबतात. कन्नडमध्ये या मुद्रेला अंकित म्हणतात. त्याच शतकातल्या संत कवयित्री अक्कमहादेवींचं अंकित ‘चेन्नमल्लिकार्जुन’. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेलं ‘अक्क केळव्वा’ ऐकताना तो शब्द आला, की कन्नड न कळणाराही क्षणभर थबकतो. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू एकाच ओट्यावर चालते, त्यामुळे हे सगळं कानावर आपसूक पडत आलं. वचनाला भक्तीचा ठसा असतो तसा बंदिशीला आपल्या कर्त्याचा ठसा असतो, एवढाच मला अर्थ लागला.

शास्त्रातही रचनाकाराला मानाचा शब्द आहे, वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, म्हणजे हा ग्रंथ आपल्याच मुलखातला. त्यात शब्दांच्या अंगाला मातु आणि स्वरांच्या अंगाला धातु म्हटलं आहे. ज्याला दोन्ही साधतं तो वाग्गेयकार. नुसता कवी नव्हे आणि नुसता चाल लावणाराही नव्हे.

मग आपल्या भुईकोट किल्ल्याची गोष्ट. निजामशाहीतली चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्ला तिच्याबरोबर आंदण गेला. अलीनंतर 1580 मध्ये त्याचा पुतण्या दुसरा इब्राहीम लहानपणीच गादीवर बसला आणि चांदबिबीने त्याच्या वतीने कारभार पाहिला. हा इब्राहीम मोठा होऊन रागांत बांधलेली गीतं लिहिणारा सुलतान झाला. त्याच्या दखनी भाषेतल्या ‘किताब-ए-नवरस’ची सुरुवात सरस्वतीच्या वंदनाने होते. भूपाली, कल्याण, केदार, कानडा, तोडी, मल्हार अशी रागांची नावं त्यात गीतांवर आहेत. त्याच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान आणि हत्तीचं आतशखान, आणि दोघंही त्याच्या गीतांत येतात! इथून शंभर किलोमीटरवर बसून एका राजाने तंबोऱ्यावर माया करत गाणी रचली, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर इतिहासाचा तास किती वेगळा झाला असता. शाळेत आम्ही फक्त तहांच्या आणि लढायांच्या तारखा पाठ केल्या.

आज मैफलीत आपण ऐकतो त्या ख्याल गायकीचं मोठं घराणं मात्र दिल्लीतलं. मुघल बादशहा मोहम्मदशहा रंगीले 1719 ते 1748 या काळात तख्तावर होता. त्याच्या दरबारात नियामत खाँ हा बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारा, होता, हाच सदारंग. त्याचा पुतण्या फिरोझ खाँ म्हणजे अदारंग. पुष्कळ जुन्या चिजांत, म्हणजे बंदिशींत, ‘मोहम्मदशा सदारंगीले’ अशी जोडी येते, बादशहा आणि रचनाकार एकाच ओळीत. दरबारात मानापमान घडून नियामत खाँ दूर गेला आणि बादशहाचं नाव गुंफलेल्या ख्यालांनीच परत मर्जीत आला, अशी आख्यायिका गवई सांगत आले आहेत. खरं-खोटं काही असो, काळ कसला होता ते पाहावं. 1737 मध्ये बाजीरावाची घोडी दिल्लीच्या वेशीशी पोहोचली, 1739 मध्ये नादिरशहाने शहर लुटलं. सल्तनत ढासळत होती आणि त्याच वर्षांत या चिजा बांधल्या जात होत्या. बादशाही गेली, पण विलंबित एकतालात कुणी अंतरा उचलला की मोहम्मदशहा आजही हजर होतो.

ख्याल आपल्याकडे रुजला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्यांच्या पायपिटीने. ग्वाल्हेरची गायकी ते दक्षिणेत घेऊन आले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोवर चिजा उस्तादांच्या कंठात आणि घराण्यांच्या कुलपात होत्या. शब्द झिजत, नावं बदलत, एकाची बंदिश दुसऱ्याच्या खात्यावर जमा होई. पेशाने वकील असलेले विष्णु नारायण भातखंडे गावोगाव, संस्थानोसंस्थान हिंडले, उस्तादांपुढे बसून चिजा स्वरलिपीत उतरवून घेत राहिले. त्यातून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ आकाराला आली, सहा भागांची. शब्द ब्रज आणि अवधी वळणाचे, विवेचन मराठी. स्वतःच्या रचनांत त्यांनी ‘चतुर’ ही मुद्रा वापरली. माझ्याकडच्या तिसऱ्या भागाचं पुट्ठ्याचं वेष्टण सुटलंय. पानं कोपऱ्यांवर पिवळी पडून दुमडली आहेत, आणि बऱ्याच पानांवर सरांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

ही मुद्रेची परंपरा पुढे आग्रा घराण्यात फार फुलली. अत्रौलीचे मेहबूब खाँ ‘दरसपिया’, त्यांचे जावई फैयाज खाँ ‘प्रेमपिया’, विलायत हुसेन खाँ ‘प्राणपिया’. आग्र्याबाहेर बडे गुलाम अली खाँ ‘सबरंग’ आणि अलाहाबादचे रामाश्रय झा ‘रामरंग’. फैयाज खाँसाहेबांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’. ही नावं एकदा ओळखीची झाली की गाण्यात माणसं दिसू लागतात. ‘पिया’ ऐकलं की कान टवकारतात. हा नुसता प्रियकर, की कुणाची सही?

माझ्या सगळ्यात जवळचे मात्र ‘गुणिदास’, म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित. जोगकंस हा राग त्यांनी दिला. त्यातली ‘पीर पराई’ मी ऐकली तेव्हा मला रागाचं व्याकरण ठाऊक नव्हतं. शुद्ध गंधारावर, म्हणजे ‘ग’ या स्वरावर, ऊन पडल्यासारखं वाटावं आणि पुढच्याच क्षणी कोमल गंधाराने षड्जाकडे उतरताना काळजात चर्र व्हावं, इतकंच कळलं. दुसऱ्याचं दुखणं साजणाला कळत नाही, ही तक्रार त्या दोन गंधारांतच आहे. शब्द तिथे नंतर पोहोचतात. मातु आणि धातु एकाच माणसाच्या हातचे असले म्हणजे काय होतं, ते मला ग्रंथापेक्षा या चार ओळींनी आधी शिकवलं.

गुणिदासांचे एक शिष्य चिंतामण रघुनाथ व्यास, आपल्या शेजारच्या धाराशिवचे, 1924 चा जन्म. त्यांची मुद्रा ‘गुणिजान’. गुरूच्या नावातला ‘गुणि’ शिष्याने आपल्या नावात ठेवून घेतला. एका शब्दात एवढी कृतज्ञता मावते याचं मला दर वेळी नवल वाटतं. धाराशिवहून कामासाठी सोलापुरात येणाऱ्या किती जणांना हे मी सांगितलंय, आणि प्रत्येकाचा चेहरा उजळलेला पाहिलाय.

सरांची बंदिशींची वही आता माझ्याकडे आहे. शाळेच्या वहीसारखी, लाल समास आखलेली. समासात चिजेशेजारी कर्त्याचं नाव, आणि जिथे ठाऊक नव्हतं तिथे जागा मोकळी. कलावती रागाच्या पानावर ‘तन मन धन’ होतं आणि समास कोरा होता. ती रचना स्वतः प्रभा अत्र्यांची, हे मला खूप उशिरा कळलं. गाणं त्यांच्याच आवाजात शेकडो वेळा ऐकूनही बांधणीसुद्धा त्यांचीच असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी तिथे निळ्या पेनाने त्यांचं नाव लिहिलं. अजून नऊ समास रिकामे आहेत, त्यांतले दोन यमनचे. वहीच्या त्या पानांचा फोटो मोबाईलमध्ये असतो, आणि मध्यंतरात चहा घेताना एखादा जाणता भेटला की मी तो त्याच्यापुढे धरतो.