आधी जाण, मग थँक्यू

वसुबारसेच्या संध्याकाळी माझी बहीण उचगावहून आली आणि माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या हातात नवा फ्रॉक ठेवला. मी सवयीनं म्हणालो, "आत्याला थँक्यू म्हण." ती म्हणाली आणि अंगणातल्या किल्ल्याकडे पळाली. मला ते लागलं. पण चूक माझी होती.

१९८० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या २२ मुलांना भेटवस्तू दिली. आपणहून थँक्यू म्हणणारं मूल अगदी विरळा. बाकीच्यांना आईबाप आठवण करून देत होते. समोरच्याला स्वतःचं वेगळं मन असतं, हेच मुलांना चौथ्या-पाचव्या वर्षी नीट उमगू लागतं. 'तिनं हे माझ्यासाठी मुद्दाम केलं' हा विचार त्यानंतरचा.

आपण 'उपकाराची जाण' म्हणतो. जाण म्हणजे कळणं, आणि ते शिकवता येतं. मानसशास्त्रज्ञ जेफ्री फ्रो आणि सहकाऱ्यांनी ८ ते ११ वर्षांच्या मुलांना वर्गात तीन गोष्टी ओळखायला शिकवल्या: देणाऱ्यानं मुद्दाम दिलं का, त्याला काय झळ सोसावी लागली, मला काय मिळालं. २०१४ साली निष्कर्ष छापून आले. हे धडे गिरवलेल्या मुलांनी पालक-शिक्षक संघाला इतरांपेक्षा ८० टक्के जास्त आभारपत्रं लिहिली. आठवड्याला एक धडा घेतलेल्या वर्गांत परिणाम पाच महिन्यांनीही दिसत होता.

मीही करून पाहिलं. मावळे मांडता मांडता विचारलं, "तुला निळा आवडतो हे आत्याला कसं कळलं गं?"

हात थांबला. "गणपतीत मी सांगितलं होतं. तिच्या लक्षात राहिलं?"

"आणि आणला कुठनं?"

"महाद्वार रोड! तिथं आता पाय ठेवायला जागा नसते."

मग करंजीतल्या गुळावर गाडी गेली. ऊस कुणी तोडला, गुऱ्हाळावर काहिलीजवळ गुळव्या किती वेळ उभा असतो, हे सगळं तिनं खोदून खोदून विचारलं.

एक जपायचं. 'तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खातो' हे ऐकवलं की जाणीव राहते बाजूला, उरतं उपकाराचं ओझं. संशोधकही या दोन भावना वेगळ्या मानतात, आणि ओझं वाटलं की देणाऱ्याला टाळावंसंही वाटू शकतं.

भाऊबीजेला बहीण आली. पाट मांडायच्या आधीच लेकीनं तिला गाठलं, "आत्या, गर्दीत किती वेळ उभी होतीस?" बहीण खाली बसली आणि मापाचा फ्रॉक मिळेना म्हणून चार दुकानं कशी पालथी घातली, ते पहिल्यापासून सांगू लागली.