८१ मिलिमीटरची नळी आणि इराकवरचे युद्ध

२००१ मध्ये ॲल्युमिनियमच्या सुमारे ३,००० नळ्या इराककडे जाताना जॉर्डनमध्ये अडवल्या गेल्या. माल चीनमधून निघालेला. मिश्रधातू ७०७५-टी६ दर्जाचा, बाहेरचा व्यास ८१ मिमी, भिंतीची जाडी ३.३ मिमी, लांबी ९०० मिमी, पृष्ठभागावर ॲनोडायझिंग, म्हणजे गंज रोखणारा थर. सद्दाम हुसेन पुन्हा अणुबॉम्बच्या मागे लागला आहे, असे सांगताना अमेरिकेने पुढची दीड वर्षे याच नळ्या पुढे केल्या. बाकीचा बराचसा पुरावा फितुरांच्या सांगण्यावर नाहीतर कागदांवर उभा होता. नळी मात्र मोजता येते, कापता येते, गरागरा फिरवून पाहता येते. म्हणून २००३ च्या युद्धाला पुराव्याचा आधार होता का, हा वाद नळीपासूनच सुरू करायला हवा.

नैसर्गिक युरेनियममध्ये बॉम्बला लागणारे युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते. ते वेगळे काढायला सेंट्रिफ्यूज या यंत्रात युरेनियम हेक्झाफ्लोराइड हा वायू उभ्या, निर्वात पेटीतल्या रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या नळीत, प्रचंड वेगाने फिरवतात. जड युरेनियम-२३८ कडेला थोडे जास्त साठते, हलके मध्याकडे. एका यंत्रातून मिळणारा फरक फार थोडा असल्याने शेकडो-हजारो यंत्रे साखळीने जोडावी लागतात. रोटरच्या कडेचा वेग इथे निर्णायक ठरतो. सिद्धांतानुसार एका यंत्राची कमाल क्षमता या वेगाच्या चौथ्या घाताने वाढते. वेग सेकंदाला ३५० मीटरवरून ५०० मीटरवर नेला, तर क्षमता चौपटीहून अधिक होते.

वेगाची मर्यादा धातूची ताकद आणि घनता यांवरून ठरते. ७०७५-टी६ हे मजबूत ॲल्युमिनियम आहे आणि जुन्या रोटरांमध्ये अशा मिश्रधातूचा वापर झालेला आहे. या नळ्या अशा रोटरसाठीच आहेत, हा सीआयएच्या विश्लेषकांचा मुद्दा इथवर बरोबर होता. त्यापुढे गाडी अडते. भिंत जाड केली म्हणून रोटरला जास्त वेग सोसत नाही, कारण जाडी वाढते तसे वजन आणि त्यामुळे येणारी बाहेरची ओढही त्याच प्रमाणात वाढते. वाढतो तो बेअरिंगवरचा आणि मोटरवरचा भार. त्यामुळे अशा रोटरची भिंत साधारण १ मिमी ठेवतात. इथे ती तिप्पट होती. ८१ मिमी व्यासाला सेकंदाला ४०० मीटर वेग गाठायचा तर मिनिटाला ९४ हजारांच्या आसपास फेरे हवेत. त्यात ९०० मिमी लांबीची सडपातळ नळी वेग घेताना वाकण्याच्या कंपनांत सापडते. ती टाळायला नळी कापून आखूड करावी लागली असती, आणि मग मुळात ९०० मिमीच का मागवली, याचे उत्तर द्यावे लागले असते.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूजवर वर्षानुवर्षे काम केलेली माणसे होती. त्यांनी २००१ मध्येच सांगितले की या नळ्या रॉकेटच्या आहेत. इराक १९८० च्या दशकापासून इटालियन नमुन्यावरून नक्कल केलेले ८१ मिमीचे रॉकेट बनवत होता, त्याच धातूच्या आणि त्याच मापाच्या नळ्यांपासून. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांनी १९९० च्या दशकात अशा हजारो नळ्या इराकमध्ये पाहिल्याही होत्या. उघड्यावर ठेवलेल्या जुन्या नळ्या गंजल्या होत्या, म्हणून नव्या मागणीत ॲनोडायझिंग आले. शिवाय १९९१ पूर्वी इराकने सुमारे १४५ मिमी व्यासाच्या कार्बन फायबर रोटरपर्यंत मजल मारली होती. तो कार्यक्रम पुन्हा उभारायचा असता, तर इतकी मागची पायरी कशाला?

इतकी काटेकोर मापे साध्या रॉकेटसाठी कोण मागेल, हा समोरच्या बाजूचा सर्वांत ठोस आक्षेप होता. त्याचे उत्तर कारखान्यात सापडले. रॉकेटांचा पल्ला एकसारखा येत नव्हता आणि अभियंते दर वेळी नळीच्या मापात चालणारा फरक कमी करत गेले. मूळ दोष दुसरीकडे असताना आराखड्यातले आकडे घट्ट करत जाणे हे कुठल्याही कारखान्यात घडते. आणि अमेरिकेचे स्वतःचे ७० मिमीचे रॉकेटही ७०७५-टी६ चेच असते.

इथली चूक तर्कशास्त्राची आहे. ‘इराक सेंट्रिफ्यूज बनवत असेल तर त्याला मजबूत ॲल्युमिनियम लागेल’ हे खरे आहे. पण विचारायचा प्रश्न दुहेरी असतो: सेंट्रिफ्यूज बनवत असताना नेमकी हीच नळी मागवली जाण्याची शक्यता किती, आणि रॉकेट बनवत असताना किती? दुसरी शक्यता जवळजवळ खात्रीची आणि पहिली अगदीच थोडी असेल, तर नळी सापडल्यावर अणुबॉम्बचा संशय कमी व्हायला हवा. तो वाढवला गेला. ऑक्टोबर २००२ च्या गुप्तचर अहवालात ऊर्जा खाते आणि परराष्ट्र खात्याचा गुप्तचर विभाग यांनी नळ्यांबाबत असहमती नोंदवली होती. जनतेसाठी काढलेल्या आवृत्तीत मात्र ही खाती कोणती, त्यांचे आक्षेप नेमके काय, हे आले नाही.

नळी हा कार्यक्रमाचा एक भाग, तोही बदलता येण्याजोगा. खरा कार्यक्रम असेल तर वायू तयार करणारा कारखाना लागतो, चुंबक, बेअरिंग, वारंवारता बदलणारे विद्युत संच लागतात आणि हवेत, भिंतींवर, धुळीत युरेनियमचे कण राहतात. २७ नोव्हेंबर २००२ पासून निरीक्षकांनी नेमके हेच शोधले. कापडाने पुसून घेतलेले नमुने तपासले, वाहनातून गॅमा किरणांची पाहणी करत पाच आठवड्यांत सुमारे २,००० किमी फिरले. ७ मार्च २००३ रोजी अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत सांगितले की अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. नायजरकडून युरेनियम विकत घेण्याची कागदपत्रे बनावट निघाली होती. एका पत्रावर तर कितीतरी वर्षांपूर्वी पद सोडलेल्या मंत्र्याची सही होती. इराकच्या तुवैथा अणुकेंद्रात सुमारे ५५० टन यलोकेक, म्हणजे कच्च्या युरेनियमची भुकटी, आधीच संस्थेच्या सीलखाली पडून असताना आणखी चोरून आणण्याचा खटाटोप कशासाठी, हाही प्रश्न होताच.

रासायनिक शस्त्रांचा हिशेब जास्त अवघड होता, आणि युद्धाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे इथे गंभीरपणे ऐकायला हवे. रासायनिक शस्त्रांचा शोध घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनीच जानेवारी २००३ मध्ये सांगितले होते की, इराणयुद्धात १९,५०० रासायनिक बॉम्ब वापरल्याचे इराक म्हणतो, हवाई दलाचा एक कागद १३,००० दाखवतो. ६,५०० बॉम्ब, म्हणजे सुमारे १,००० टन रसायन, हिशेबाबाहेर. इराकने आधी लपवाछपवी केली होती. १९९१ मध्ये युरेनियम वेगळे करणारी विद्युतचुंबकी यंत्रे सापडली तेव्हा, आपल्याला काहीच कळले नव्हते, हे गुप्तचरांच्या मनात खोल रुतले होते. पण दोन मोठ्या, अनिश्चित आकड्यांची वजाबाकी केली की फरकाची अनिश्चितता फरकाएवढीच होऊ शकते. हिशेबातली फट म्हणजे साठा नव्हे. आणि इराकचे सारिन मुळातच अशुद्ध होते, ते लवकर विघटित होत असे. मस्टर्ड वायू तेवढा वर्षानुवर्षे टिकतो. युद्धानंतर अमेरिकेनेच केलेल्या शोधाच्या २००४ च्या ड्युएल्फर अहवालानुसार साठे १९९१ मध्येच नष्ट केले होते आणि अणुकार्यक्रमही तेव्हाच संपला होता. नंतर सापडला तो जुना, विखुरलेला, गंजका माल.

निरीक्षक परत आले ते सीमेवरच्या फौजांच्या दडपणामुळे, हेही खरे आहे. १५० किमीची मर्यादा ओलांडणारी अल समूद-२ क्षेपणास्त्रे मार्चमध्ये त्यांच्या देखरेखीखाली फोडली जात होती. सुमारे ७० फोडून झाली. ब्लिक्स यांनी उरलेल्या कामाला काही महिने मागितले होते. म्हणजे दडपण आणि तपासणी मिळून उपयोग होत होता आणि प्रत्येक आठवड्याला संशय थोडा-थोडा सुटत होता. अशा वेळी पुराव्याच्या जोरावर आक्रमण समर्थनीय ठरत नाही, असे माझे ठाम मत आहे. नळीबद्दलचा दावा खरा निघाला असता तरी हातात आलेला होता रोटरचा एक सुटा भाग, बॉम्ब नव्हे. हजारो यंत्रे बनवून, जोडून, चालवून एका बॉम्बपुरते युरेनियम साठवायला वर्षे लागली असती, तीही निरीक्षक दारात उभे असताना.

१८ मार्च २००३ ला निरीक्षक बाहेर पडले आणि दोन दिवसांत हल्ला झाला. एप्रिलमध्ये तुवैथाच्या आवारात लूट झाली. गावकऱ्यांनी यलोकेकची पिंपे रिकामी करून पाणी साठवायला नेली. अल काका येथल्या कोठारांतून सुमारे ३४० टन उच्च क्षमतेची स्फोटके गायब झाल्याचे ऑक्टोबर २००४ मध्ये उघड झाले. त्यातली १९० हून अधिक टन एचएमएक्स ही स्फोटके अणुबॉम्बच्या स्फोटक कवचात वापरता येतात, म्हणून युद्धाआधी ती आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीलखाली ठेवलेली होती.